सिंधूबाईची सही

'मला लहान मुलं फार आवडतात' हे वाक्य जिच्या तोंडून कधी निघालं नाही, अशी आमच्या बालक मंदिरात एकच बाई होती. सिंधूबाई गावंडे. बाकी आम्ही सगळ्या ते उठताबसता म्हणायचो. मुलाखतीत म्हणायचो, पालकसभेत म्हणायचो, गॅदरिंगला माईकवर तर गहिवरून म्हणायचो. आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूमचं दार लोटलं की त्याच मुलांच्या नावानं बोटं मोडायचो. सिंधूबाई बोटं मोडायची ती सगळ्यांदेखत, आणि तीही मुलांच्या नावानं क्वचित. तिचा सारा राग मोठ्या माणसांवर होता.

अमरावतीला शेगाव नाक्याकडं जाताना एका गल्लीत आमचं फुलबाग बालक मंदिर आहे. खेळगट, छोटा शिशू आणि मोठा शिशू असे तीन वर्ग. बापूसाहेब वकिलांनी ते काढलं, आता त्यांच्या सूनबाई रागिणी मॅडम चालवतात. छोट्या शिशूला मी शिकवते. मला साधना मॅडम म्हणतात. बावीस वर्षं झाली, आणि माझं अक्षर मोत्यासारखं आहे असं सगळे म्हणतात, त्यामुळं शाळेचा कुठलाही कागद लिहायचा झाला की माझ्याचकडं येतो.

सिंधूबाई आमची मावशी. म्हणजे झाडणं, पुसणं, शी-शू, ओकाऱ्या, सांडलेले डबे, आणि दिवसातून पाच वेळा घंटा वाजवणं. ओठाखाली तंबाखूची चिमूट, पदर खोचलेला, आणि जीभ अशी की पहिल्या दिवशी आलेल्या पालकांना वाटावं, ही बाई इथं चुकून शिरली. एका आईनं काळजीनं विचारलं, "मावशी, आमचा शौर्य डबा का संपवत नाही हो?" तर ही म्हणाली, "तुमी भरता काहून येवढा? त्याले काय वावरात जाचं हाये?" शाळेच्या नावावरही तिचा राग होता. "फुलबाग म्हने. फुलाले शेंबूड येते काय?" असं ती नाकं पुसता पुसता म्हणायची. मला तेव्हा ती अडाणी आणि उर्मट वाटायची. मी तिच्याशी फक्त कामापुरतं बोलायचे, आणि तसं बोलण्यात मला थोडा मोठेपणाही वाटायचा. खोटं कशाला सांगू?

आता रागिणी मॅडमबद्दल. त्या मूळच्या मोर्शीच्या. पण बोलतात अशा की सदाशिव पेठेतल्यांनी यांच्याकडं शिकवणीला यावं. फक्त राग आला की 'काहून' बाहेर पडतो आणि मग त्या स्वतःच दचकतात. दोन वर्षांपूर्वी त्या पुण्याला तीन दिवसांच्या कार्यशाळेला गेल्या आणि येताना 'सर्वसमावेशक' हा शब्द घेऊन आल्या. आठ दिवसांत फाटकावर नवा फलक लागला: विशेष बालकांचे प्रेमाने स्वागत. वर्गात बारा रंगीत तक्ते आले. 'मी आनंदी आहे', 'मला राग आला आहे', 'मला शांत जागा हवी आहे', प्रत्येकावर एकेक चेहरा. ज्या मुलांना बोलता येत नाही त्यांनी त्या चेहऱ्यांवर बोट ठेवायचं, अशी कल्पना. तक्ते लावले पाच फुटांवर. तीन-चार वर्षांचं मूल तिथपर्यंत पोचायला त्याला स्टुलावर उभं करावं लागलं असतं. पण पालक उभ्यानं बघतात, फोटोही उभ्यानं निघतो, मग तक्ते तिथंच राहिले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याला.

फलक वाचून जूनमध्ये जुईली आली. तिशीच्या आतली मुलगी, कडेवर चार वर्षांचा अद्वैत. हा बोलत नव्हता. हाक मारली तर बघत नव्हता, गर्दी झाली की कान दाबून जमिनीवर बसायचा, आणि कुणी उचलायला गेलं की ओरडायचा. जुईलीनं त्याआधी चार बालवाड्यांचे उंबरे झिजवले होते. चारही ठिकाणी गोड बोलून वाटेला लावलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, याला घरात ठेवू नका, याच वयात चार मुलांत बसू द्या, नंतर फार अवघड होईल. म्हणून ती आमच्या फाटकापुढं दहा मिनिटं तो फलक वाचत उभी होती. हे मला सिंधूबाईनं सांगितलं, कारण त्या दहा मिनिटांत आमच्यापैकी बाहेर डोकावून बघणारी तीच एक होती.

मॅडमनी अद्वैतला घेतलं. लगेच शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीरही केलं, हात जोडलेल्या तीन चित्रांसकट. पण जुईलीला खोलीत बोलावून हळूच सांगितलं, "संक्रांतीपर्यंत बघू हं. नाही जमलं तर मग विचार करावा लागेल." जुईली हो म्हणाली. ती काय म्हणणार?

पहिला महिना आम्ही अद्वैतवर प्रेम केलं. म्हणजे त्याच्या भोवती कोंडाळं केलं, 'अले माझ्या लाजा' केलं, हनुवटी धरून 'माझ्याकडे बघ ना' म्हटलं. तो जितका मागं सरकला तितक्या आम्ही पुढं सरकलो. प्रार्थनेची घंटा झाली की तो कान दाबून असा किंचाळायचा की छोट्या शिशूची तीस मुलं रडायला लागायची. मग आम्ही त्याला व्हरांड्यात बसवायला लागलो. मॅडम त्याला 'शांत कोपरा' म्हणायच्या. तिथं पायपुसणी वाळत असत.

सिंधूबाई तेव्हा त्याच व्हरांड्यात बादली घेऊन मुलांचे प्लॅस्टिकचे कप धुवायची. तीन-चार दिवस तिनं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. पाठ करून बसायची. मला वाटलं, बघा, हिला काही पडलेलीच नाही. पाचव्या दिवशी तो आपणहून उठला, बादलीपाशी गेला आणि पाण्यात हात घातला. ती तरी बोलली नाही. तिनं एक निळा कप त्याच्याकडं सरकवला आणि स्वतःचा धूत बसली. अर्ध्या तासात त्यानं सहा कप धुतले. सांडलं ते पाणी तिनं पुसलं, आणि दुसऱ्या दिवशी दोन बादल्या आणल्या.

मी विचारलं, "हे कुठं शिकलात तुम्ही?"

"शिकाचं काय त्यात? मोकाट वासरू धराले कोनी समोरून जाते काय? तुमी साऱ्या त्याच्या आंगावर जाता. त्याले वाटत असन का ह्या बाया आपल्याले खाऊन राहिल्या."

हळूहळू तिनं आपली एक रीत बसवली. काहीही बदलायचं असलं की आधी त्याच्या हातात वस्तू द्यायची. वर्गात जायचं असलं की निळा कप. डबा खायचा असला की चमचा. घरी जायचं असलं की त्याचीच एक चप्पल. बोलायचं नाही, समजवायचं नाही. वस्तू हातात आली की तो ती थोडा वेळ चाचपायचा, आणि उठायचा. "पुढं काय होनार हाये थे हातात देलं का भेव नाई लागत," एवढंच ती म्हणाली. आमचे बारा तक्ते जिथं होते तिथंच होते.

घंटेचंही तिनंच बघितलं. एके दिवशी प्रार्थनेला टणटण ऐवजी नुसतं थप्प थप्प ऐकू आलं. सिंधूबाईनं घंटेच्या लोलकाला चिंधी गुंडाळली होती. मॅडम धावत बाहेर आल्या. "ही घंटा बापूसाहेबांनी काशीहून आणली आहे! आवाज आला पाहिजे तिचा!"

"बापूसायबाले तसंही ऐकू येत नाई," सिंधूबाई म्हणाली. "पोट्टे येतात ना बरोबर आवाजावर? मंग झालं."

मुलं खरंच येत होती. अद्वैतही येत होता, हातात कप घेऊन. चिंधी राहिली. दिवाळीनंतर तो माझ्या वर्गात रांगेच्या टोकाला वीस-पंचवीस मिनिटं बसायला लागला. डबा इतरांच्या बरोबर खायचा. एकदा त्यानं रोहित नावाच्या मुलाचा सांडलेला कप उचलून त्याच्यासमोर ठेवला, आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. मी हे जुईलीला सांगितलं तर ती फाटकातच रडायला लागली. सिंधूबाईनं तिला झापलं. "रडाचं काय त्यात पोरी? कप उचलला त्यानं, काई डोंगर नाई उचलला. घरी गेल्यावर त्याच्या हातानं दोन कप धुवून घे."

तिचा एक भाऊ होता पातूरला, देवानंद नावाचा. हे मला डिसेंबरमध्ये कळलं, एका दुपारी ती एकटीच तांबाळलेल्या डोळ्यांनी बसली होती म्हणून मी विचारलं तेव्हा. देवानंद बोलत नसे. पेरणी-सोंगणीच्या दिवसांत घरचे त्याचा पाय बाजेला बांधून वावरात जायचे. नऊ वर्षांची सिंधू घरी राहायची ती त्याच्यासाठी. ती दोर सोडायची, आणि घरचे यायच्या आत पुन्हा बांधायची. चौदाव्या वर्षी तो तापानं गेला. "साऱ्या गावात त्याले कोनी वाईट नाई म्हने," ती म्हणाली. "सारे 'बिचारा' म्हनत. एकदा बिचारा म्हनलं का मानसाचं काम संपलं. मंग पाय बांधला तरी चालते." एवढं बोलून ती उठली आणि संडास धुवायला गेली.

संक्रांत आली. लहान मुलांना काळे कपडे, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे तुकडे, रेवड्या ओतायच्या आणि बाकीच्या मुलांनी ते लुटायचं, हे बोरनहाण कुणाला माहीत नाही? आमच्याकडं त्याला लूट म्हणतात. फुलबागेत दरवर्षी सामूहिक लूट असते. यंदा मॅडमनी ठरवलं की पाटावर मधोमध अद्वैत बसणार. शहरातल्या एका मोठ्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई येणार, फोटोग्राफर येणार, आणि त्या विशेष बालकाला न्हाऊ घालणार.

सिंधूबाईनं सरळ सांगितलं, "डोक्यावर काई पडलेलं त्याले चालत नाई. आंघोळीचं पानी बी त्याची माय खांद्यावरून टाकते."

मॅडम हसल्या. "अहो, किती आनंदाचा सण आहे! मुलं खूश होतात."

पण सिंधूबाईनं नाद सोडला नाही. वीस दिवस ती रोज बादलीशेजारी मूठभर मुरमुरे घेऊन बसली. पहिल्यांदा एक दाणा त्याच्या पायावर. मग तळहातावर. गुडघ्याच्या वर गेलं की तो हात झटकायचा, तेव्हा ती थांबायची. मग एक दिवस त्यानंच मूठ भरली आणि तिच्या डोक्यावर ओतली, आणि हसला. अद्वैतचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पांढऱ्या केसांत मुरमुरे अडकलेली ती बाई तंबाखू थुंकून आली आणि म्हणाली, "झालं. थो बसनार नाई. थो टाकनार. बाकीचे पोट्टे पाटावर बसतीन आन् हा त्याईच्या डोक्यावर टाकन."

इतकं साधं होतं ते. मी मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "वा, किती छान कल्पना! तसंच करू." सिंधूबाईला त्यांचा शब्द पुरेसा वाटला नाही, पण माझा वाटला. कार्यक्रमाच्या दिवशी मॅडमनी तिला पाहुण्यांच्या चहासाठी आत पाठवलं, तेव्हा तिनं अद्वैतचा हात माझ्या हातात दिला. त्याच्या दुसऱ्या हातात मुरमुऱ्यांची वाटी होती. "हात सोडू नका," एवढंच ती म्हणाली.

अध्यक्षीणबाई दीड तास उशिरा आल्या. मुलं काळ्या कपड्यांत घामेजली होती, हलव्याचे हार अर्धे खाऊन झाले होते, आया पंख्याखाली भांडत होत्या. बाईंनी आल्या आल्या विचारलं, "कुठाय तो? हाच का? किती गोड! बसवा ना त्याला मध्ये." फोटोग्राफरनं कॅमेरा वर केला. रागिणी मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. फक्त पाहिलं. आणि मी हात सोडला.

पुढचं लवकर झालं. मॅडमनी त्याला उचलून पाटावर दाबून बसवलं. अध्यक्षीणबाईंनी भलंमोठं पातेलं तिरपं केलं. बोरं, उसाच्या गंडेऱ्या, रेवड्या, चॉकलेटं, मुरमुरे, सगळं एकदम त्याच्या डोक्यावर. तीस मुलं आरडाओरडा करत लुटायला त्याच्या अंगावर धावली. तो किंचाळला, आणि 'अगं बाई, घाबरला का' म्हणत गाल धरायला पुढं आलेल्या त्या बाईंच्या बोटाला कडकडून चावला.

बाईंनी जो थयथयाट केला तो बघण्यासारखा होता. बोटातून रक्ताचा एक थेंब आला होता. त्यांनी लगेच आपल्या डॉक्टरांना फोन लावून विचारलं, माणूस चावला तर इंजेक्शनं किती घ्यायची. आतून चहाचा ट्रे टाकून आलेल्या सिंधूबाईनं ते ऐकलं. "नळाखाली धरा बोट. नाई मरत," म्हणून ती तशीच पुढं गेली, मुलांना बाजूला सारलं, अद्वैतला न उचलता त्याच्यासमोर त्याची चप्पल ठेवली आणि वाट बघत बसली. चार मिनिटांनी त्यानं चप्पल हातात घेतली. जुईली त्या गर्दीत मोबाईल धरून उभी होती. मुलाचा फोटो काढायला म्हणून तिनं तो धरला होता, आणि खाली करायचं तिला सुचलं नव्हतं. सिंधूबाईनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. बापूसाहेबही बसले होते. ऐकू येत नसलं तरी वकिली शाबूत. फाटकावर स्वागताचा फलक असताना मुलाला काढायचं, तर पालक उद्या तक्रार करतील, म्हणून कागद पक्का हवा, असं त्यांचं म्हणणं. वर्गशिक्षिकेची सही आणि मुलाला प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या सेविकेची सही. मजकूर त्यांनी सांगितला, मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिला: सदर बालक आक्रमक असून इतर बालकांच्या सुरक्षिततेस धोका संभवतो. शिक्षिका व सेविका यांनी सात महिने सर्वतोपरी प्रयत्न करूनही बालकात कोणतीही सुधारणा दिसून आलेली नाही.

कोणतीही सुधारणा नाही, हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर रोहितचा कप होता. तरी मी लिहिलं. मी घाबरले होते. या वयात दुसरीकडं कोण घेणार, एवढाच हिशेब होता. दुसऱ्यांच्या भित्रेपणावर मी बावीस वर्षं तोंडसुख घेतलं, आणि माझी पाळी आली तेव्हा मला साधं 'नाही' म्हणता आलं नाही.

सिंधूबाईला सही येते. साक्षरता वर्गात शिकलेली, एकेक अक्षर कोरून काढते. वाचता येत नाही. औषधाची चिठ्ठी, विजेचं बिल, नातवाच्या शाळेचं पत्र, सगळं ती माझ्याकडून वाचून घ्यायची. हाही कागद तिनं माझ्यासमोर धरला. "काय लिवलं?"

"अद्वैतला जास्त मुलांत त्रास होतो, त्याला लहान वर्ग पाहिजे, असं लिहिलंय," मी म्हणाले.

"थे तं खरं हाये," ती म्हणाली, आणि जीभ दातांत धरून सही कोरली.

मग अद्वैत गेला. जुईलीला वाटलं, आता लहान वर्गाची बालवाडी शोधायची. पहिल्या ठिकाणी आधीच्या शाळेचा कागद मागितला. वाचला आणि परत दिला. दुसऱ्या ठिकाणी तेच. सात महिन्यांपूर्वी तिला गोड बोलून वाटेला लावत होते, आता गोड बोलायचीही गरज उरली नव्हती, कागदावर दोन सह्या होत्या. तिसऱ्या ठिकाणाहून ती सरळ वडाळीला सिंधूबाईच्या घरी गेली. तिनं भांडण केलं नाही म्हणे. फक्त विचारलं, "मावशी, तुम्ही पण?"

सोमवारी सकाळी सिंधूबाई माझ्या वर्गात आली. मुलं अजून यायची होती. तिनं जुईलीनं दिलेली कागदाची झेरॉक्स टेबलावर ठेवली.

"वाचा. त्या दिवशी वाचलं तसं नका वाचू. हाये तसं वाचा."

मी वाचलं. शब्द न् शब्द. ती उभी होती.

"'कोनतीही सुधारना नाई' म्हंजे?"

"म्हणजे काहीच फरक पडला नाही."

"तुमाले माहीत होतं का थे खोटं हाये."

"हो."

"मोठ्या मॅडमचं सोडा, तिले अक्कलच नाई," ती म्हणाली. "तुमाले होती."

मला स्वतःचीच किळस आली. माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं, तर तिनं हातानं ते उडवून लावलं, ताटावरची माशी उडवतात तसं. "माफीचं काय लोनचं घालू? थे कामाचं नाई. कागद घ्या. मी सांगतो थे लिवा."

मी वहीतला मोठा ताव काढला. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. सवयीनं मी 'सदर बालकास ध्वनिसंवेदनेचा' असं काहीतरी सुरू केलं, तर तिनं टेबलावर हात आपटला. "माहं बोलनं लिवा. तुमचं पाह्यलं आमी."

तो मजकूर अजून माझ्या लक्षात आहे. अद्वैत कप चांगले धुते. पंचवीस मिनटं वर्गात बसते. डबा हातानं खाते, पहिले हातात चमचा द्याचा. घंटी जोरात वाजवू नका. डोक्यावर काई टाकू नका, थो दुसऱ्याच्या डोक्यावर मस्त टाकते. त्याच्या आंगावर जाऊ नका, थो येते आपल्या मनानं. थो एकदा चावला, चूक मोठ्या मानसाची होती. त्याले बिचारा म्हनू नका.

"खाली लिवा का पयला कागद खोटा हाये," ती म्हणाली. "आन् त्याच्याखाली तुमची सही."

पलीकडच्या खोलीत मॅडमच्या चपलांचा आवाज येत होता. मी लिहिलं. सही केली. ते अक्षर काही मोत्यासारखं आलं नाही.

त्या कागदाचं काय झालं ते सांगून टाकते. रुक्मिणीनगरला एक प्रणाली नावाची मुलगी घराच्या पुढच्या खोलीत अकरा मुलांची बालवाडी चालवते, तिनं तो दोनदा वाचला आणि जुईलीला एकच प्रश्न विचारला, कप निळाच लागतो का. अद्वैत आता तिथं जातो. मार्चपासून सिंधूबाईही तिथंच आहे. आमच्याकडं घंटेची चिंधी सोडली, फलक मात्र अजून आहे. माझी नोकरीही आहे. बापूसाहेबांना दुसरा कागद कळला तेव्हा ते एवढंच म्हणाले, हिला काढलं तर ती बोलेल. म्हणजे मी इथं टिकले आहे ती सुद्धा त्यांच्या भीतीवर.

पण त्या सोमवारचं राहिलं. माझी सही झाल्यावर मी पेन तिच्यापुढं केलं. तिनं ते घेतलं, कागदही घेतला, पण सही केली नाही.

"करा ना," मी म्हणाले.

"करतो," म्हणून ती बाहेर निघाली.

फाटकापाशी देवीदास त्याच्या ऑटोतून मुलं उतरवत होता. सातवी नापास माणूस, आमच्या गॅदरिंगला मी त्याला मागच्या रांगेत बसवायचे. सिंधूबाई त्याच्याजवळ गेली आणि कागद त्याच्या हातात दिला. मी खिडकीत उभी होते. तो अडखळत, एकेका शब्दावर बोट ठेवत, मोठ्यानं वाचू लागला, आणि ती मान खाली घालून ऐकत राहिली. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर तिनं काहीतरी विचारलं, त्यानं पुन्हा खालच्या दोन ओळी वाचल्या. मग तिनं कागद ऑटोच्या सीटवर पसरला आणि माझ्या पेननं सही केली.